प्रतवारी

सत्तेचाळीस वर्षं मी लोकरीची प्रत लावली.
बट कानाशी धरायची, टिचकी मारायची:
निकोप असेल तर वाजते,
दुष्काळात वाढलेली असेल तर मधेच तुटते,
आणि मेंढपाळ काहीही सांगो,
मेंढी त्या साली उपाशी होती.

म्हणून यकोमिना ताल्यार्डच्या अंगणात
अठरा इंची आरशासमोर उभा राहिलो तेव्हा
तो कागद मी वाचून बाजूलाच ठेवला,
ज्यावर तिच्या नवऱ्यानं निळ्या शाईत लिहिलं होतं:
चूक, तरंगाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी.
कागदाचं काय, तोही मेंढपाळच.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात;
पण आरसाच विकत घ्यायचा असेल तर
कांकण कुठून आणायचं?

मागून टॉर्च धरला.
मुलाम्यात सुईच्या अग्राएवढी एकोणीस भोकं. चालेल.
ॲल्युमिनियमचे दांडे सरळ.
प्लायवूडच्या पेटीचा तळ वाळवीनं चाखून सोडलेला.
साठ हजार रँड, ती म्हणाली,
फ्लोरिसची शिडी वर फुकट.

मग थांबणं.
पत्र्याच्या शेडमधलं कारूचं ऊन दिवसभर प्यायलेली काच,
ती निवेपर्यंत कुठलाही तारा उतू जाणाऱ्या दुधासारखा.
पंखा घुरघुरत होता. तिनं कॉफी दिली,
बुडवायला दगडासारखे रस्क,
आणि फ्लोरिसची एकच गोष्ट सांगितली:
काच घासत होता तेव्हा घरात पीठ चाळायची बंदी.
सात महिने आम्ही विकतचा पाव खाल्ला.

अगस्ती फार भडक. त्याच्या शेजारचा
एक मध्यम, गरीब तारा धरला.
फोकसच्या बाहेर वलयं स्वच्छ, मोजून घ्यावीत अशी.
फोकसच्या आत शेवटच्या वलयाला लव फुटलेली.
म्हणजे काठ खाली वळलेला.
बोललो नाही. काठ झाकता येतो.
मग नेमक्या फोकसवर आणला,
तर तो ठिपका नव्हता,
क्रूस होता.

आरसाच मुरगळलेला असेल तर त्याला औषध नाही.
खिशातल्या किल्ल्या चाचपल्या,
काय सांगून निघायचं ते मनात जुळवलं,
आणि मान अवघडली म्हणून
डोकं जरा तिरकं केलं.

क्रूसही तिरका झाला.

दुसरीकडे झुकलो. तोही झुकला,
शिकवलेल्या कुत्र्यासारखा माझ्या मागे मागे.

तुम्ही बघा, मी म्हणालो.
ती शिडी चढली, चष्मा कपाळावर सारून.
ठिपका, ती म्हणाली. गोल. का?

अंगठ्यानं आणि कानानं, असं मी सगळ्यांना सांगत आलो,
उमेदवारीला आलेल्या पोरांनाही;
पण गाठोड्यावरचं शेवटचं अक्षर
डोळाच ठरवायचा.
किती जणांची लोकर,
किती जणांचं वर्ष.

काठाचं मात्र तिला सांगितलं.
ती आत गेली, टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला,
आणि काळ्या पुठ्ठ्याचं एक कडं घेऊन आली,
कात्रीनं कापलेलं, बरोब्बर काठाएवढं.
त्यालाही ठाऊक होतं, म्हणाली.
हे लावूनच बघायचा. कुणी आलं की काढून ठेवायचा.

काठाचे चार हजार कमी करा, मी म्हणालो.
तिनं केले.
डोळ्याचे मी काही मागितले नाहीत.

आरसा पुढच्या सीटवर, पट्टा लावून, ब्लँकेटात.
एकशे साठ किलोमीटर खडीचा रस्ता
आणि समोरून एकच ट्रक.
त्याच्या दोन दिव्यांना चार चार टोकं होती,
जशी दिव्यांना असतातच, असं मी
आजवर धरून चाललो होतो.